हात थांबला त्या जागा

आमचे हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली लाकडं चमकवत राहिले. सुरतेतल्या कितीतरी बंगल्यांतली दारं, देव्हारे, पलंग ह्यांच्या हाताखालून गेले. आणि आमच्या भेस्तानच्या दोन खोल्यांत काय होतं? लोखंडी पलंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पत्र्याचं कपाट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी टोमणा मारला की हे हसून म्हणायचे, “तुलेच पॉलिश करी देऊ का?” अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

लग्न होऊन मी खानदेशातून इथे आले तेव्हा हे लूमवर होते. खटखटीने कान जायला लागले म्हणून ते काम सोडलं आणि एका पॉलिशवाल्याच्या हाताखाली लागले. आगीतून फुफाट्यात. कान वाचले, फुप्फुसं गेली. लाकूड घासताना उडणारी भुकटी आणि थिनरचा वास, दोन्ही वर्षानुवर्षं आत जात राहिले. नाकाला रुमाल बांधा म्हटलं की म्हणायचे, रुमाल बांधून पॉलिशचा वास कसा कळणार? शेवटी डॉक्टरांनी साफ सांगितलं, थिनरच्या आसपास फिरकायचं नाही. त्या दिवसापासून हे घरी बसले. मी शिवणयंत्रावर साड्यांना फॉल लावायची आणि हे समोर बसून माझ्या टाक्यांत चुका काढायचे. कामाचा माणूस घरी बसला की घरातल्या प्रत्येक वस्तूत त्याला खोट दिसते.

ते टेबल आलं ते ह्यांच्या कामावरच्या जोडीदारामुळे. हा परभणीकडचा माणूस, ह्यांच्यापेक्षा बराच लहान. पॉलिशचं सगळं काम ह्यांच्याकडूनच शिकलेला, म्हणून ह्यांना उस्ताद म्हणायचा. कामरेजच्या पुढे एक जुना बंगला पाडत होते, तिथलं सामान मालक फुकट देऊन टाकत होता. जोडीदाराने त्यातलं जेवणाचं टेबल टेम्पोत घालून आमच्या दारात आणलं. अस्सल सागवान, पण वरची फळी पार खराब झालेली. “उस्ताद, तुमचा वेळ जाईल,” म्हणाला. ह्यांनी त्या फळीवरून असा हात फिरवला की मला हेवा वाटला.

गॅलरीत टेबल ठेवलं आणि थंडीभर हे त्याच्यामागे लागले. आता सगळीकडे मशीनने फवारायचं पॉलिश करतात. त्यावर गरम चहाचा कप ठेवा, पाणी सांडा, काही होत नाही. पण त्याला थिनर लागतं. म्हणून ह्यांनी जुन्या पद्धतीचं, चपड्याचं पॉलिश करायचं ठरवलं. चपडा म्हणजे लाख. ती स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा मऊ फडक्यात बांधायचा आणि हाताने एकावर एक थर चढवायचे. मी म्हटलं, स्पिरिट काय गुलाबपाणी आहे? डॉक्टरांना विचारलंत? म्हणाले, “चपडा देवनी चीज शे, तेनाथीन काय व्हस?” मी आठवडाभर अबोला धरला. त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

चपड्याच्या पॉलिशचा एक नियम आहे, तो मी तेव्हा गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून शिकले. बोळा लाकडावर टेकला की फिरत राहिला पाहिजे. एका टोकाने आत आणायचा, गोल गोल फिरवत न्यायचा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा. मध्ये थांबला की खालचा ओला थर बोळ्याला चिकटतो आणि उचलला जातो. तिथे वण पडतो. चांगल्या कारागिराच्या कामात असा एकही वण नसतो. ह्यांच्या कामात मी कधी पाहिला नव्हता.

त्या टेबलावर मात्र वण पडले. दम लागला की हे मध्येच थांबायचे. दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरायचे, मान खाली घालायचे आणि श्वास परत यायची वाट पाहायचे. तेवढ्यात बोळा चिकटलेला असायचा. “दम लागस ना, तव्हय हात थांबस,” हे मला समजावून सांगायचे, जसं काही चूक माझी होती आणि ते मला माफ करत होते. “हात थांबना का पॉलिश धरी लेस.” मी पाणी द्यायची. पाणी पिऊन परत सुरू. सुरुवातीचे वण एकमेकांपासून लांब होते. खिडकीकडच्या बाजूला, जिथे शेवटी काम केलं, तिथे वीतभर अंतरावर एकेक वण होता. एके ठिकाणी तर तळव्याएवढा भाग खरखरीत झाला होता. त्या दिवशी मला शेजारच्यांना हाक मारावी लागली होती.

टेबल आत आणलं, पण हे खूश नव्हते. जोडीदार भेटायला यायचा म्हटलं की टेबलावर चादर घालायला लावायचे. “हाई मन्हं काम शे, असं कोनले सांगू नको,” म्हणायचे. “बरं वाटनं का सगयं परत घसी काढसू.” मी म्हणायची, हो, बरे व्हा, मग घासा. मला तेव्हा त्या टेबलाचा रागच होता. जागा अडवायचं, त्यावर गरम काही ठेवायचं नाही, ओला पेला ठेवायचा नाही, मग टेबल हवं कशाला? शोभेला? तीही धड नाही.

उन्हाळ्यात हे गेले.

आमच्यात सुतकात घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भाऊबंद जेवण आणतात. आमच्या समोरच्या दारात राहते ती गुजराती बेन, तिने पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी खिचडी केली. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, गॅसवरून उतरवलेलं, दोन बाजूंना फडकी धरून ती आमच्या घरात आली. खाली जमिनीवर बायका दाटीवाटीने बसलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पातेलं टेबलावर ठेवलं. तिला दुसरं काय सुचणार होतं?

मी तोपर्यंत रडले नव्हते. ह्यांना नेलं तेव्हाही नाही. बायका एकमेकींत कुजबुजत होत्या की हिला धक्का बसलाय, हिला रडवलं पाहिजे. आणि पातेलं टेबलाला टेकलं तशी मी ओरडले. अशी ओरडले की जिन्यातले पुरुष धावत आले. मला म्हणायचं होतं, उचला ते, आधी उचला ते. पण तोंडातून शब्द फुटेना, नुसता आवाज येत होता. बायकांनी मला चारी बाजूंनी कवटाळलं. कोणी पाठ चोळतंय, कोणी डोकं छातीशी धरतंय, आणि सगळ्या माझ्याबरोबर रडतायत. मी उठायला बघते तर आणखी घट्ट धरतायत. त्या बेनचेही डोळे वाहत होते. “रडवा दो एने,” ती सांगत होती, “रडशे तो हलकी थशे.” आणि पातेलं तिथेच वाफाळत होतं. पंगत उठेपर्यंत ते कोणी हलवलं नाही. सगळे म्हणाले, बरं झालं, रडली एकदाची.

दहाव्याला तापीकाठी जाऊन आलो, पाहुणे आपापल्या गावी गेले, मग मी टेबलावर कोणीतरी घातलेली चादर काढली. पातेल्याच्या बुडाएवढा पांढराफटक डाग होता, खिडकीकडच्या बाजूला, नेमका तिथेच. शेवटच्या दिवसांतले वण त्याच्याखाली दिसेनासे झाले होते. बोटाने चाचपले तर लागत होते, डोळ्यांना दिसत नव्हते. मी तिथेच खुर्चीत बसले आणि मला कळलं की माझ्याकडे ह्यांचं दुसरं काहीच नाही. फोटो आहेत. पण फोटोत हे इस्त्रीचा शर्ट घालून श्वास रोखून उभे आहेत. ह्यांच्या श्वासाची खूण कुठे असेल तर ती ह्या लाकडावर. कुठे थांबले, किती वेळ थांबले, परत कुठून सुरू केलं, सगळं मी बघितलेलं आहे आणि सगळं तिथे आहे. ज्या टेबलाचा मी इतका दुस्वास केला, तेच आता मला सोडवेना.

डागांचं शास्त्र मला ह्यांच्याकडूनच ठाऊक होतं. जेवताना हे दुसरं बोलायचे काय! डाग पांढरा असेल तर घाबरायचं नाही. उष्णतेने पॉलिश मऊ होतं, वाफेची ओल त्यात शिरते आणि अडकते, म्हणून ते पांढरं दिसतं. ओल वरच्या वर असते, लाकडापर्यंत गेलेली नसते. डाग काळा असेल तर मात्र ती लाकडात उतरली. मग वरचं सगळं काढल्याशिवाय इलाज नाही. म्हणजे माझा डाग जाण्यासारखा होता. प्रश्न एवढाच होता की डाग जावा आणि वण राहावेत. असं काम ह्यांना कोणी कधी सांगितलं नसेल. सांगितलं असतं तर ह्यांनी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

अडकलेली ओल बाहेर काढायला हलकी ऊब द्यायची, हा पहिला उपाय. मी जुन्या सुती साडीची चौपदरी घडी डागावर ठेवली आणि इस्त्री अगदी कमी करून वरून फिरवली. क्षणभर ठेवायची, उचलायची, बघायचं. डागाची कड फिकी झाली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, बघा हो! आणि मग लोभ सुटला. इस्त्री जरा जास्त वेळ राहिली. घडी उचलली तर तिथल्या पॉलिशवर साडीचं विणकाम उमटलेलं होतं, ताणा आणि बाणा, स्पष्ट. पॉलिश परत मऊ झालं होतं. कडेचा एक वण त्या ठशाखाली पसरून गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पुढचे काही दिवस मी त्या टेबलाकडे फिरकले नाही. मग दुसरा उपाय धरला, अगरबत्तीची राख आणि खोबरेल तेल. राख चाळून घ्यायची, तेलात कालवायची, बोटाच्या टोकावर घेऊन हळूहळू चोळायची. राख अगदी बारीक असते, ती वरचा पांढरेपणा तेवढा खरवडून काढते. मी मशीनचं काम संपलं की संध्याकाळी बसायची आणि दोन वणांमधली सपाट जागा तेवढी चोळायची, वणाला बोट लागू न देता. पांढरेपणा खरंच कमी होत होता. पण वणाच्या कडा उंच असतात. कितीही जपलं तरी बोट त्यांना लागायचंच. एक दिवस तो तळव्याएवढा खरखरीत भाग चाचपला तर त्याच्या एका बाजूचा खरखरीतपणा गेला होता. गुळगुळीत झाली होती ती जागा. त्या दिवशी कोणी धावत आलं होतं, कोणी ह्यांच्या पाठीवर हात फिरवत होतं, आणि मी ती जागा पुसून टाकत होते. राखेची वाटी मी मोरीत ओतली. डाग अर्धा राहू दे म्हटलं. राहील तसा राहील.

एक दिवस समोरच्या बेनला तो डाग दिसला. “हाय हाय, आ माराथी थयुं?” तिने गालावर हात मारून घेतला. मी म्हटलं, नाही हो, जुना आहे. ती बिचारी चांगल्या मनाने आली होती आणि तिच्यावर रागावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. खरं सांगायचं तर कोणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण माझा मुलगा सगळं पाहत होता. तो सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये आहे, शिफ्टवरून आला की आई टेबलाला तेल लावत बसलेली दिसायची. एकदा म्हणाला, “मम्मी, तू काय करून राहिली रोज? एक डाग आहे, त्यावर काच टाकून देऊ.” मी म्हटलं, काच नको. “मग पप्पांच्या उस्तादगिरीला शोभेल असं करून घेऊ.” मी म्हटलं, काही करून घ्यायचं नाही, हात लावायचा नाही. त्याने मान हलवली. पोराला वाटलं, आईला डागाचं दुःख आहे. आणि मी तरी त्याला काय सांगणार होते? की तुझ्या बापाला जिथे जिथे धाप लागली त्या जागा मी सांभाळतेय? ऐकून त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

पुढे माझा भाऊ दुखवटा घेऊन आला. साडी-चोळी दिली, गोड जेवण केलं आणि मला काही दिवस माहेरी घेऊन गेला. विधवा बहिणीला दुःखाच्या घरातून बाहेर काढायचं, ही रीत. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर भावाचा अपमान झाला असता. माहेरी वहिनीने मला कामाला हात लावू दिला नाही. मी ओसरीवर बसून होते आणि येणारे-जाणारे ह्यांच्याबद्दल चांगलं बोलत होते. कसा हसरा माणूस, कसा हातात गुण. मी हो हो म्हणत होते. कोणाच्याच बोलण्यातला माणूस मला ओळखू येत नव्हता.

परत आले तेव्हा मुलगा स्टेशनवर घ्यायला आला. रिक्षात सारखा हसत होता. “घरी चल, मग बघ,” म्हणाला. दार जोडीदाराने उघडलं. हातपाय धुतलेले, नवा शर्ट घातलेला. आणि त्याच्यामागे टेबल होतं.

असं टेबल मी दुकानातसुद्धा पाहिलेलं नाही. वरच्या फळीवर खिडकीचे गज सरळ, स्वच्छ उमटले होते. सागाची रेघन् रेघ दिसत होती. पांढरा डाग नव्हता, साडीचा ठसा नव्हता, काहीच नव्हतं. मी जवळ गेले आणि खिडकीकडच्या बाजूला हात ठेवला. हात घसरला.

“वहिनी, पार लाकडापर्यंत घासून काढलं,” जोडीदार सांगत होता. “मग फवारलं. आता तुम्ही यावर उकळतं पाणी ठिवा, काय बी होत नाही. बघा की.” आणि त्याने गॅसवरचं चहाचं भांडं आणून सरळ टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने उचलून दाखवलं. फळी तशीच होती. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी खूश होतेय का ते.

चहा पिता पिता जोडीदाराचा आवाज उतरला. “ते वण मी बघितले, वहिनी. उस्तादचा हात असा नव्हता. लोक येतात, जातात, कोणी जाणकारानं बघितलं असतं तर काय म्हणलं असतं? मी कोणाला बोलणार नाही. उस्तादचं नाव चांगलंच राहील.” बोलता बोलता त्याने डोळे पुसले. त्याने सुट्ट्या काढून हे काम केलं होतं आणि एवढा माल घालूनही काही घ्यायला तयार नव्हता. शिष्याने गुरूची लाज राखली. हे असते तर ह्यांनी त्याची पाठ थोपटली असती. ह्यांना स्वतःलाच ते घासून काढायचं होतं. म्हणजे ह्या सगळ्यात चुकीचं वागलं असं कोणीच नव्हतं आणि माझ्या बाजूचंही कोणीच नव्हतं.

“छान झालंय,” मी म्हटलं. “फार छान.” तो पाया पडला आणि गेला.

मुलगा कप उचलायला लागला. मी विचारलं, “घासलं तेव्हा निघाला तो भुसा कुठे टाकला?”

“कसला भुसा?”

“लाकडावरून निघाला तो. पॉलिशचा.”

“तो होय? इतका होता, मम्मी, सगळ्या घरात उडाला होता. दोन वेळा पोछा मारला मी, तुला खोकला होऊ नये म्हणून. कचऱ्याची गाडी येते ना सकाळी, तिच्यात दिला.”

“कधी?”

“परवा.”

मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.